गोदूआईचं चिनी औषध

माझं लग्न ठरलं तेव्हा उलव्याच्या मैत्रिणींनी विचारलं, "सासू काय करते गं?" मी म्हटलं, "गाते." त्यांना वाटलं, भजनी मंडळात असेल. मलाही तसंच वाटत होतं. मग हळदीच्या संध्याकाळी मांडवात एक बुटकी, रुंद बाई कपाळभर कुंकू लावून उभी राहिली, कानावर हात ठेवला आणि तिने पहिली ओळ उचलली. समोर डीजेवाला गाणं लावायच्या तयारीत होता. त्याने हळूच हात मागे घेतला, तो बाईंचं गाणं संपेपर्यंत परत पुढे केला नाही.

त्या माझ्या सासूबाई, गोदू हिरामण म्हात्रे. पेण-अलिबागच्या खारेपाटातल्या धवलारीण. आम्हा आगरी लोकांच्या लग्नात धवलारणीला मोठा मान. गावदेवाला, कुलदेवीला, गेलेल्या पितरांना, नवरीच्या मामाला, सगळ्यांना गाण्यातून आवतण देते ती धवलारीण. त्या गाण्यांना धवले म्हणतात. कुठे लिहिलेले नसतात. आईंना त्यांच्या आईने शिकवले, त्यांच्या आईला आजीने.

मी नवरीचा मेकअप करते. त्यामुळे लग्न झाल्यावर आमची जोडीच जमली. एकाच लग्नात आत मी नवरीला सजवायची आणि बाहेर आई देवांना बोलवायच्या. येताना गाडीत त्या म्हणायच्या, "तुजा काम धुतला की जातंय, माजा ऱ्हातंय." आणि स्वतःच खदखदून हसायच्या.

हे हसणंच आधी कमी झालं. हसताना धाप लागायची, म्हणून त्या तोंडावर पदर धरून नुसत्या हलायच्या. मग मामंजींच्या तळ्याच्या बांधावर चढताना दोनदा थांबायला लागल्या. मामंजी म्हणजे माझे सासरे हिरामण. त्यांनी शेताचं तळं करून त्यात जिताडे मासे सोडलेत. शेजारच्या रंगूआत्या म्हणाल्या गॅस झालाय, ओवा खा. कोणी म्हणालं वजन वाढलंय. कोणी दृष्ट काढली. एका डॉक्टरांनी दमा म्हणून तोंडात मारायचा पंप दिला. आईंनी तो इमानदारीने मारला. फरक काही पडला नाही.

शेवटी गावातल्याच एका लग्नात, ओळीच्या अगदी मध्यावर, आई थांबल्या. बायकांना वाटलं शब्द विसरल्या. एक-दोघींनी पुढचा शब्द सांगितलासुद्धा. मी आतून धावत आले तर त्यांचे ओठ जांभळे पडले होते. त्या माझ्याकडे बघून "काय नाय" म्हणाल्या आणि खाली कोसळल्या.

तिथून पेण, आणि पेणहून नवी मुंबईचं मोठं हॉस्पिटल. तिथे डॉ. हर्षद चौलकर भेटले. तरुण माणूस, मूळ चौलचा, बोलायला साधा. त्यांनी इको काढला, मांडीतून बारीक नळी घालून थेट हृदयातला दाब मोजला आणि आम्हा तिघांना समोर बसवलं. मी, माझा नवरा मितेश आणि मामंजी.

"पल्मनरी हायपरटेन्शन," ते म्हणाले. "साधं बीपी नाही हे. हृदयातून फुप्फुसाकडे रक्त नेणाऱ्या ज्या नळ्या आहेत, त्या आतून जाड आणि अरुंद झाल्यात. त्यामुळे उजव्या बाजूच्या हृदयाला फार जोर लावावा लागतोय."

मामंजींनी थोडा विचार केला. "म्हंजे उघारी बुजलेय," ते म्हणाले. "न पानी मागं चढतंय."

उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातलं पाणी सोडायचं दार. डॉक्टर चौलचेच, त्यांना लगेच कळलं. "तसंच," ते म्हणाले. "मागे चढतंय म्हणून पाय सुजतात. पूर्ण बरं करणारं औषध आज नाही. पण दाब कमी ठेवता येतो, आणि मीठ एकदम कमी करायचं."

हे शेवटचं आईंना सांगणं आमच्या वाट्याला आलं. पलंगावर बसून त्यांनी ते ऐकलं आणि मामंजींकडे बघितलं. "माजे बापाचा मिठागर व्हता," त्या म्हणाल्या. "मी चालाय शिकले ती मिठाचे ढिगावर. न आता मी अलनी जेवू?"

"जेव," मामंजी म्हणाले. "मी पन जेवतंय तुज्याबरोबर."

दोन दिवस जेवले. तिसऱ्या दिवशी मला मामंजींच्या ताटाखाली मिठाची पुडी सापडली. आईंना मी सांगितलं नाही, त्यांना आधीच दिसली होती.

गोळ्यांची तर निराळीच गंमत झाली. डॉक्टरांनी जी मुख्य गोळी दिली, ती पुरुष लोक वेगळ्या कारणासाठी घेतात. हे आम्हाला ठाऊक नव्हतं. मितेश चिठ्ठी घेऊन पेणच्या मेडिकलमध्ये गेला. दुकानदाराने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं, आवाज बारीक केला, गोळ्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि "जपून हां" असं म्हणाला. मितेश कंटेनरचा ट्रेलर चालवतो, घाबरणाऱ्यातला नाही. पण तो लालेलाल होऊन घरी आला. पुढच्या वेळी मामंजी गेले. त्यांनी ठणकावून सांगितलं, "बायकोसाठी पायजे," आणि दुकानातली चार माणसं भिंतीकडे तोंड करून हसली.

आईंना कळलं तेव्हा त्या स्वतः गेल्या. मी सोबत होते. काउंटरवर दोन्ही हात टेकून त्यांनी धाप जरा शांत होऊ दिली आणि मांडवातल्या आवाजात म्हणाल्या, "पोरा, ही गोली माजे छातीसाठी हाय. फुप्फुसाची नली उघरते. तू लाजतंस कनाला? दे तीन पानां." त्या दिवसापासून तो दुकानदार त्यांना 'काकी' म्हणतो आणि गोळ्या पारदर्शक पिशवीत देतो.

गोळ्यांनी बरं वाटलं. घरातल्या घरात फिरता येऊ लागलं, रात्रीची झोप लागू लागली. पण गाणं येईना. धवल्याची ओळ लांब असते, एका श्वासात न्यायची असते. आई अंगणात बसून सुरुवात करायच्या आणि अर्ध्यावर सोडून द्यायच्या. आवतणं यायची, त्या नाही म्हणायच्या. गावात मोबाईलवर कोणाचे तरी रेकॉर्ड केलेले धवले लावायला लागले. ते कानावर पडलं की आई उठून आत जायच्या.

असं वर्षभर गेलं. मग एका तपासणीला डॉ. चौलकर म्हणाले, "गोदूताई, एक विचारायचंय. नाही म्हटलंत तरी तुमचे उपचार आहेत तसेच चालू राहतील, हे आधी सांगतो."

त्यांच्या हॉस्पिटलात एका औषधाची चाचणी सुरू होणार होती. चिनी औषध होतं ते. पाच-सहा मुळ्या आणि साली मिळून बनवलेलं. तिकडे जुन्या काळापासून छातीच्या दुखण्यावर त्याचा काढा देतात. आता त्याचा अर्क काढून कॅप्सूल केली होती. उंदरांना देऊन बघितली तर फुप्फुसाच्या नळ्यांतला दाब उतरला. माणसांत उतरतो का, ते बघायचं होतं.

"उतरंल कं?" आईंनी विचारलं.

"माहीत नाही," डॉक्टर म्हणाले.

मग सगळं समजावण्याचं काम प्रणालीने केलं. ती त्या चाचणीचं सगळं सांभाळायची, पालीजवळच्या गावातली मुलगी, शांत आणि काटेकोर. तिने तासभर घेतला. म्हणाली, "आजी, नेहमीच्या गोळ्या सोडायच्या नाहीत. त्याच्यावर ही कॅप्सूल. पण निम्म्या लोकांच्या कॅप्सूलमध्ये औषध असेल आणि निम्म्यांच्यात नुसती भुकटी. तुम्हाला काय मिळालं हे तुम्हाला कळणार नाही, मला नाही, डॉक्टरांनाही नाही."

"म्हंजे कोनालाच ठाव नाय?"

"एका कॉम्प्युटरला ठाऊक असतं. तो शेवटी सांगेल."

"न कनाला यवरी लपवालपवी?"

"कारण औषध घेतलं असं वाटलं की माणसाला बरं वाटायला लागतं. डॉक्टरांनाही तो बरा दिसायला लागतो. मग खरं कसं कळणार?"

आईंनी मान डोलावली. त्यांना पटलं. पण लगेच हो म्हणाल्या नाहीत. "घरी इचारते," म्हणाल्या.

घरी विचारलं आणि गाव पेटलं. रंगूआत्या ओट्यावर येऊन बसल्या. "एकदा चीनवरशी आयला ता भोगला, ता पुरा नाय झाला कं तुला?" त्यांनी विचारलं. मामंजी तळ्यावरून आले ते चिखलाच्या पायांनीच उभे राहिले. "उंदरावर झाला, आता तुज्यावर. तू काय उंदीर हायस?"

"उंदरापेक्षा मोठी हाय," आई म्हणाल्या. "म्हनून तं माज्यावर."

मामंजी हसले नाहीत. तसेच परत तळ्यावर गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना आईंनीच विषय काढला. "आवो, आतापत्तर सगले मना सांगीत आयले. गॅस हाय, दमा हाय, नजर हाय. सगल्यांना सगला ठाव. ह्यो पयला मानूस बोलला, माहीत नाय. मना त्याचा भरवसा वाटला. न नुसती भुकटी आयली तरी काय, गोल्या तं चालूच हायत."

मामंजींनी कप खाली ठेवला. "काय उलटासुलटा वाटला तं त्याच दिसा सोरायचा," ते म्हणाले.

"सोरायचा," आई म्हणाल्या. प्रणालीनेही तेच सांगितलं होतं, कधीही सोडता येईल. संमतीच्या कागदावर कॅमेऱ्यासमोर सही करताना आईंनी हे वाक्य तिच्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं.

मग सुरू झाल्या आमच्या हॉस्पिटलच्या फेऱ्या. प्रत्येक वेळी रक्त काढायचे. लिव्हर बघायला, किडनी बघायला. आई हात पुढे करून म्हणायच्या, "घे बाय, जलू पन यवरा नाय पीत." आणि दर काही आठवड्यांनी चालायची परीक्षा. एक लांब कॉरिडॉर, दोन टोकांना दोन नारिंगी शंकू, आणि सहा मिनिटं. जमेल तेवढं चालायचं, दम लागला तर थांबायचं. प्रणाली घड्याळ धरून उभी असायची. चालताना बोलायचं नाही असा नियम होता.

पहिल्याच वेळी आई गुणगुणायला लागल्या.

"आजी, बोलायचं नाही," प्रणाली म्हणाली.

"मी बोलतंय कं? गातंय."

"गाणं पण बोलण्यातच येतं."

"तुमचे कागदावर येत आसल," आई म्हणाल्या, पण गप्प झाल्या.

तिथेच धर्माजी भेटले. तेही त्याच चाचणीतले. सुधागड तालुक्यातले भातशेतीवाले, बरीच वर्षं कारखान्यात नोकरी करून घरी बसलेले. उंच, काटकुळा माणूस, डोक्यावर पांढरी टोपी. चालायला सुरुवात करायच्या आधी बल्लाळेश्वराचं नाव घेऊन छातीला हात लावायचे. त्यांना पक्की खात्री होती की त्यांना खरं औषध मिळालंय. "मला आतून कळतं ताई," ते सांगायचे. "गोळी पोटात गेली की छातीत गारगार वाटतं."

आईंना तितकीच पक्की खात्री होती की आपल्याला भुकटी मिळालीय. "मना काय गार नाय न गरम नाय. माजेत ज्वारीचा पीठ हाय."

एकदा त्यांनी कॅप्सूल रंगूआत्यांच्या नाकाला लावली. रंगूआत्यांनी डोळे मिटून वास घेतला आणि "ज्येष्ठमध," असा निकाल दिला. आईंनी हे प्रणालीला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "वास दोन्हीला सारखाच ठेवलाय, आजी. तुमच्यासारख्या हुशार लोकांसाठीच." त्यानंतर रंगूआत्या आपल्या गुडघ्यासाठी एक कॅप्सूल मागायला लागल्या. आईंनी डबा कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली.

धर्माजींची आणि आईंची चालण्यात चुरस लागली. धर्माजी आधी चालून आले की खुर्चीत बसून आईंच्या फेऱ्या बघायचे. आई त्यांच्यासमोरून जाताना मुद्दाम पाय उचलायच्या. एकदा असा जोर केला की शेवटच्या मिनिटाला भिंत धरून उभ्या राहिल्या, घामाने चिंब. प्रणाली त्या दिवशी रागावली. दोघांनाही समोर बसवलं. "ही शर्यत नाहीये. तुम्ही रोज जसं चालता तसंच इथे चाला, नाहीतर आम्हाला जे बघायचंय तेच दिसणार नाही." दोघे शाळेतल्या मुलांसारखे खाली बघत बसले. पुढच्या वेळेपासून तिने दोघांना वेगवेगळ्या वेळी बोलावलं. तरीही धर्माजी आधीची एसटी पकडून यायचेच.

मग आला थंडीचा महिना आणि रंगूआत्यांच्या शेतावर पोपटी. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी भरून ते मडकं जाळावर उलटं ठेवतात, आणि आत सढळ हाताने खडेमीठ. मी त्या दिवशी माहेरी होते. मामंजी तळ्यावर होते. आई एकट्याच गेल्या आणि इतक्या महिन्यांची कसर भरून काढली. पोपटी खाल्ली, वर भाजलेले सुके बोंबील खाल्ले. मी परत आले तेव्हा त्यांचे पाय केळीच्या खांबासारखे झाले होते, आणि सकाळीच हॉस्पिटलला जायचं होतं.

गाडीत मी म्हटलं, "आई, साडी जरा खाली सोडून नेसा. विचारलं तर सांगू, बसून बसून सुजले. नाहीतर ते चाचणीतून काढतील."

आई खिडकीतून बाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "पोरी, मी गप ऱ्हायले तं त्यानला कसा कलनार, पाय औषधान सुजले का बोंबलान? त्या औषधाचे नावावर माजा बोंबील जायाचा."

हॉस्पिटलात प्रणालीने नेहमीप्रमाणे विचारलं, खाण्यात काही बदल? आई म्हणाल्या, "लिही. पोपटी. बोंबील. लपून खाल्ले. कोनाचा दोष नाय."

प्रणालीने सगळं लिहून घेतलं. डॉ. चौलकरांनी तपासलं, पाणी उतरायची गोळी काही दिवस वाढवली. काढून वगैरे टाकलं नाही. उलट म्हणाले, "हे सांगितलंत ते फार बरं केलंत. अशी एकेक गोष्ट लपून राहिली की सगळा हिशेब चुकतो."

बाकावर धर्माजी बसले होते, ते सगळं ऐकत होते. ते थोडे चुळबुळले. मग टोपी काढली, हातात घेतली आणि म्हणाले, "मॅडम, माझं पण लिहा. मेव्हण्याने अर्जुनसालीचा काढा आणून दिलाय. रोज सकाळी घेतोय."

प्रणालीने कपाळाला हात लावला. "धर्माजीकाका! पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं मी? दुसरं कुठलंही झाडपाल्याचं औषध घ्यायचं नाही म्हणून?"

"व्हय, पण ते परक्याचं असलं तर, असं मला वाटलं," धर्माजी म्हणाले. "हा मेव्हण्याचा व्हता."

आई इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. धर्माजींनी काढा त्याच दिवशी सोडला.

पाय उतरले आणि घरात दुसरी गडबड सुरू झाली. मामंजींच्या भावाची मुलगी विनिता, तिचं लग्न ठरलं. ती येऊन आईंच्या पुढ्यात बसली. "काकी, मोबाईलवरचे धवले नको मला. तू गायली नाय तं मी हलद लावून नाय घेनार."

आईंनी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, बसून गा, आवाज ताणू नका, दम लागला की थांबा. थांबायचं म्हणजे ओळ तोडायची, आणि ओळ तुटली तर तो धवला कसला. आई दोन दिवस विचारात होत्या. तिसऱ्या दिवशी मी अंगणात ब्रश धूत बसले होते, तर त्या समोर येऊन बसल्या.

"माजे मागून बोल," त्या म्हणाल्या आणि मांडवाला बांधायच्या आंब्याच्या डहाळीची ओळ हळू आवाजात म्हटली,

"मांडवाचे दारी आंब्याचा टाला,
येरे गावदेवा, तुला मान पयला."

"मी?" मी म्हटलं. "आई, मला हळदीची डीजेची गाणी सोडून काही येत नाही."

"येल. आर्धी ओल मी, आर्धी तू. माजा श्वास संपला तिथं तुजा सुरू. लोकानला जोड दिसाय नको."

दीड महिना आमचं हे चाललं. मासे साफ करताना, कपडे वाळत घालताना, हॉस्पिटलच्या वाटेवर गाडीत. मी सुरुवातीला ओळ उशिरा उचलायची, मग फार लवकर. "तुजा आवाज तुजे मेकअपवानी हाय," त्या म्हणायच्या, "वरवर. पोटातून कार." मितेश ट्रेलरवरून घरी आला की आमचं ऐकून परत बाहेर जायचा. मग चुलत जाऊ आली, तिची मुलगी आली. चौघींमध्ये ओळ फिरायला लागली. आई मधे बसून बोटाने खूण करायच्या, आता तू, आता तू. आणि माझ्या लक्षात आलं की त्या पूर्वीपेक्षा थोडं जास्त पुढे नेतायत. आधी 'दारी'पर्यंत यायच्या, आता 'आंब्याचा'पर्यंत यायला लागल्या. औषधाने की सरावाने की विनितासाठी, ते मी सांगू शकत नाही.

विनिताच्या हळदीला प्रणाली आली, धर्माजीही आले. धर्माजींनी वालाच्या शेंगांची पिशवी आणली होती. मी आत नवरीला तयार करत होते. तिच्या एका डोळ्याला काजळ लागलं होतं, दुसरा डोळा बाकी होता, आणि बाहेरून आईंचा आवाज आला. ठरल्यापेक्षा आधीच त्यांनी सुरू केलं होतं. मांडव भरलेला बघून त्यांना धीर धरवला नाही. मी ब्रश विनिताच्या हातात दिला आणि धावले. माझ्या हाताला कुंकू, केसांत पिना, तशीच खुर्चीच्या मागे जाऊन उभी राहिले आणि त्यांचा श्वास संपायच्या नेमक्या क्षणी ओळ उचलली.

गावदेव आला, कुलदेवी आली, पितर आले, मामा तर समोरच बसला होता. चौघींनी मिळून सगळे धवले पुरे केले. आई मधे दोनदा थांबल्या, पण ओळ थांबली नाही. संपलं तेव्हा त्यांनी खुर्चीच्या पाठीला डोकं टेकलं. ओठांचा रंग बरा होता, मी तोच आधी बघितला. मामंजी मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते. ते माझ्याकडे आले, म्हणाले, "सूनबाय, तुज्या केसानला पिना लोंबतान," आणि डोळे पुसत निघून गेले. आतून विनिताने हाक मारली की दुसऱ्या डोळ्याचं काय.

चाचणी उन्हाळ्याआधी संपली. कॅप्सूल बंद झाल्या. निकाल यायला बराच वेळ गेला. तो सांगायला डॉ. चौलकरांनी सगळ्या पेशंटांना हॉस्पिटलच्या हॉलमध्ये बोलावलं. चहा-बिस्किटं होती.

ते म्हणाले, "ज्यांना खरं औषध मिळालं, ते सरासरीने थोडं जास्त चालले. त्रास विशेष कोणाला झाला नाही. पण नळ्यांतला दाब आम्हाला वाटला होता तितका उतरला नाही. आणि आपण होतो थोडे लोक. एवढ्यांमध्ये हा फरक योगायोगानेही पडू शकतो. म्हणून आज मी असं म्हणणार नाही की औषध लागू पडलं, आणि असंही नाही की फुकट गेलं. आता जास्त लोकांवर, जास्त हॉस्पिटलांत हेच करून बघायचंय."

मग प्रणालीने एकेकाला बाजूला बोलावून सांगितलं, कोणाला काय मिळालं होतं.

धर्माजी आधी गेले. परत आले ते टोपी मागे सरकवून. "भुकटी," ते म्हणाले. "नुसती भुकटी, ताई!"

"न तुमचे छातीत गारगार कोन करीत व्हता?" आईंनी विचारलं.

धर्माजी खुर्चीत बसले आणि मग त्यांना असं हसू फुटलं की हॉलमधले लोक वळून बघायला लागले. "म्हणजे मी चाललो ते माझ्याच पायांनी! मेव्हण्याला सांगतो आता. त्याचा काढा नाय, चीनचं औषध नाय, माझेच पाय!"

आईंना खरं औषध मिळालं होतं. हे ऐकल्यावर त्या प्रणालीकडे संशयाने बघत राहिल्या. "नीट बग. माजेत ज्वारीचा पीठ व्हता." प्रणालीने पुन्हा बघितलं. औषधच होतं. आई बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "पाह्यलास? जो खात व्हता त्याला ठाव नाय, न जो खात नव्हता तो गार पडत व्हता." आणि मग धर्माजींसमोर मान वर करून एक फेरी मारली. ते टाळ्या वाजवत होते.

आईंचा आजार गेलेला नाही. ते चिनी औषध बाजारात मिळत नाही, त्यामुळे चाचणीनंतर त्या परत नुसत्या नेहमीच्या गोळ्यांवर आल्या. पुढे डॉक्टरांनी आणखी एक गोळी जोडली. काही दिवस चांगले जातात, काही दिवस दुपारी ऑक्सिजनची नळी नाकाला लावून पडून राहावं लागतं. पावसाळी हवेत फार त्रास होतो. बांधावर त्या आता जात नाहीत. मामंजीच जिताडा दाखवायला घरी घेऊन येतात. तो अळणीच शिजतो, आणि आमची सगळ्यांची जीभ त्याला सरावलीय. लग्नांची आवतणं मात्र परत यायला लागलीत. आम्ही चौघी जातो. आई खुर्ची गाडीत टाकूनच निघतात.

मोठी चाचणी सुरू झाली तेव्हा डॉ. चौलकरांनी त्यांना विचारलं, नवीन लोकांशी बोलाल का? गळ घालू नका, नुसतं तुमचं काय झालं ते सांगा. आईंना असं काम कोणी पहिल्यांदाच दिलं होतं. त्यांनी त्या दिवशी लग्नातली साडी नेसली.

पहिल्याच दिवशी हरिहरेश्वरच्या नीराबाई आल्या होत्या, मुलासोबत. त्यांची तिकडे पर्यटकांना जेवण देणारी छोटी खानावळ आहे. घाबरून पदराचं टोक पिळत बसल्या होत्या. आईंनी खुर्ची त्यांच्या जवळ ओढली आणि सगळं सांगितलं. पोपटी सांगितली, मेव्हण्याचा काढा सांगितला, मेडिकलवालाही सांगितला. नीराबाई हसल्या. त्यांचा मुलगा जास्त हसला. मग नीराबाईंनी विचारलं, "पण ताई, तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतंत?"

"मी तं तुमचे जागेवर नाय," आई म्हणाल्या. "घरी जा. पोरानला इचारा. ह्या पोरीला जे इचारायचा हाय ते दहादा इचारा, ती रागवत नाय. शर्यत लावली तरच रागवते."

प्रणाली कागद आवरत होती, ती न बघता म्हणाली, "मी ऐकतेय हां, आजी."

नीराबाई त्या दिवशी सही न करता गेल्या. पुढच्या फेरीला आल्या आणि सही केली. तेव्हापासून दुपारी आमच्या घरचा फोन बिझी असतो. एका टोकाला खारेपाट, दुसऱ्या टोकाला हरिहरेश्वर. बिनमिठाची आमटी चवदार कशी करायची यावर त्यांचं एकमत होत नाहीये. नीराबाई कोकम म्हणतात, आई चिंच. काल मी कामावरून आले तर दोन्ही आमट्या शेगडीवर होत्या आणि मामंजींना चाखायला बसवलं होतं. ते दोन्ही वाट्या पुढे घेऊन बसले होते आणि कुठली चांगली ते सांगायला तयार नव्हते.